आराखडे अनेक, गाव एकच

२०२३च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम मराठवाड्यात सुरू झालं होतं आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावच्या जुन्या पेट्या उघडल्या जात होत्या. निजामाच्या काळातले बरेच कागद उर्दूत, काही मोडीत. वाचणारी माणसं मोजकीच. त्यामुळे आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांचा भाव एकदम वधारला. ज्या लिपीला वर्गात पोरं कंटाळतात, ती वाचता येते म्हणून लोक घरी चहाला बोलावू लागले.

मी नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाला लागून असलेल्या भागात शिकवते. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही गावाचं असू शकतं. तिथले एक वयस्कर शेतकरी, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, प्लास्टिकच्या पिशवीत पिवळा पडलेला उतारा घेऊन शाळेत आले. म्हणाले, "बाई, एवढं वाचून सांगा. आमच्या आजोबाचं नाव दिसतंय का बघा."

नाव होतं. जातीचा रकाना कोरा होता. मामांचं काम तिथेच संपलं. पण कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचायची खोड असते. खालच्या एका नंबरासमोर दोन शब्द होते : शिकम तालाब.

शिकम म्हणजे पोट. शिकम तालाब म्हणजे तळ्याचं पोट, पाणी साठतं ती जमीन. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या महसुली भाषेतला हा नेहमीचा शब्द. कोरडवाहू ती खुश्की, पाण्याखालची ती तरी, आणि तळ्याच्या पोटातली ती शिकम. मी मामांना विचारलं, "हा नंबर कुठला हो?"

मामा हसले. "कुठला म्हंजे? तुम्ही उभ्या आहात तोच की."

आमच्या शाळेच्या नव्या खोल्या तळ्याच्या पोटात उभ्या आहेत, हे मला नोकरीच्या इतक्या वर्षांनी कळलं. दर पावसाळ्यात मैदानात गुडघाभर पाणी का साचतं, याचं उत्तर एका शब्दात लिहून ठेवलेलं होतं. फक्त तो शब्द वाचणारं कोणी उरलं नव्हतं.

आता यात माझा स्वतःचा वाटा सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कलम २२ प्रमाणे तिने शाळा विकास आराखडा करायचा असतो. आमच्या शाळेचा हा आराखडा बहुतेक वेळा माझ्याच हस्ताक्षरात असतो. त्यात दरवेळी एक ओळ ठरलेली : मैदानात मुरूम भरून घेणे. म्हणजे तळ्याचं पोट बुजवा, असं मी वर्षानुवर्षं मागत होते.

त्याच गावात ग्रामपंचायतीचा वेगळा आराखडा होतो. चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट पंचायतींना मिळू लागले तेव्हा, २०१५-१६ पासून, राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तो सुरू झाला. त्यात शाळेसमोरचा सिमेंट रस्ता होता. रस्ता झाला, चांगला झाला, आणि मैदानापेक्षा हातभर उंच झाला. पूर्वी जे पाणी वाहून जायचं तेही आता अडलं. रोजगार हमीच्या आराखड्यात वरच्या अंगाचा नाला खोल करायचं काम होतं. तेही झालं, आणि पाणी आमच्याकडे जास्त वेगाने यायला लागलं. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी राज्याने आणलेल्या पोकरा प्रकल्पात नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे आहेत. आमच्या गावच्या पाणलोट नकाशावर नेमका शाळेमागचा खोलगट भाग पाणी जिरवण्यासाठी दाखवलेला होता. शिवाय जलजीवन मिशनचा गाव कृती आराखडा वेगळाच. त्यातून शाळेला नळ आला, पण नळाला पाणी देणारी विहीर उन्हाळ्यात कोरडी, कारण पाणी जिरायची जागा आम्ही मुरमाने भरत होतो.

पाच आराखडे. प्रत्येकावर ग्रामसभेचा ठराव, सही, शिक्का. कुणीही खोटं बोललं नव्हतं, कुणी पैसे खाल्ले असंही म्हणता येणार नाही. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर होता. चूक होती ती कागदांच्या मधल्या जागेत.

इथे भाषेच्या शिक्षिकेला एक शब्द आठवणारच. उर्दूत योजनेला मनसूबा म्हणतात. पंचवार्षिक योजना म्हणजे पंजसाला मनसूबा. जुन्या अरबी-फारसी बुद्धिबळात रचून ठेवलेल्या डावालाही मनसूबा म्हणत : सगळी प्यादी एकाच पटावर, आणि त्या मांडणीतून मार्ग काढायचा. तोच शब्द मराठीत आला आणि मनसुबा झाला, पण अर्थ सरकला. मराठीत मनसुबा मनात असतो, ज्याचा त्याचा असतो, आणि बहुधा दुसऱ्याला कळू द्यायचा नसतो. आपल्या खात्यांचे आराखडे उर्दू अर्थाने होतात की मराठी अर्थाने, हे वाचकांनीच ठरवावं.

पण म्हणून जुना काळ शहाणा आणि आजचा वेडा, असं मला म्हणायचं नाही. त्या उताऱ्यात विहीर, तळं, झाडं, गायरान सगळं एकाच कागदावर दिसतं हे खरं. पण तो कागद गावासाठी लिहिलेला नव्हता, साऱ्यासाठी लिहिलेला होता. पाणी ओसरल्यावर तळ्याच्या पोटात पीक निघालं तर त्याचा हिशेब कुणाकडून घ्यायचा, हे ठरवायला शिकमची नोंद लागे. एकाच मालकाला सगळं हवं होतं म्हणून सगळं एका कागदावर आलं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो मालक गेला, हे बरंच झालं. प्रश्न एवढाच की त्याच्या जागी जी अनेक खाती आली, त्यांचे कागद एकत्र मांडायची जबाबदारी कुणाची?

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आपल्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे, आणि ते १९९३ साली आलं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली, चौऱ्याहत्तरावी १ जून १९९३ला. पंचायत राज आणि महिलांचं आरक्षण सगळ्यांना माहीत आहे. २४३ झेडडी हे कलम फार जणांना माहीत नाही. ते सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी, तिने पंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा एक आराखडा तयार करावा, आणि तसं करताना पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचं रक्षण या गोष्टी विचारात घ्याव्यात. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या जिल्हा परिषद व नगरपालिका सदस्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदाही केला.

ही दुरुस्ती लागू होऊन चार महिने झाले नव्हते, तोच आमच्या लातूरची जमीन हलली.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, मी तेरा वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, म्हणून बरेच लोक उशिरा झोपले होते. आमचं गाव पूर्ण पडलेल्या गावांत नव्हतं. आमची मागची भिंत गेली, माणसं वाचली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. अम्मीने त्यानंतर वर्षभर माळवदाखाली झोपायला नकार दिला. अब्बा अंगणात पत्र्याखाली दिवा लावून आमचा अभ्यास घ्यायचे.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज होतं, देशभरातून देणगीदार आले, काम वेगाने झालं आणि त्या वेगाचं कौतुक झालंच पाहिजे. घराचा आकार सातबाऱ्यावरून ठरला : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. लोकांनाही तेव्हा अरुंद बोळ नको होते. बोळात भिंती कोसळून माणसं अडकलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आले, घरं लांब लांब गेली, आणि गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरलं.

घरांचा आराखडा पूर्ण होता. पण शेतीचा, पाण्याचा आणि पंचायतीच्या जमाखर्चाचा आराखडा त्याच्या शेजारी मांडलेला नव्हता. पसरलेल्या गावाला जलवाहिनी लांब लागते, रस्त्यावरचे दिवे जास्त लागतात, गटारं जास्त लागतात. पंचायतीचं उत्पन्न मात्र जुन्या गावाएवढंच. शेतं जुन्या गावाजवळ राहिली, घरं दूर गेली. जनावरं बांधायला जागा नाही, सुताराला बसायला ओटा नाही. कबरी आणि जुनी देवस्थानं पूर्वीच्या जागीच राहिली, लोक सणाला तिकडे जात राहिले.

याच भूकंपातली दुसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. जी गावं हलवली नाहीत, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनीच करायचं होतं. त्यासाठी गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात पुढे होती. अभियंत्याचं म्हणणं घरात नेणं आणि घरातलं म्हणणं अभियंत्याकडे नेणं, हे त्यांचं काम. दगडी भिंतीत आरपार बांधदगड कुठे घालायचा हे त्या शिकल्या, आणि चूल कुठे राहील, धान्याची कणगी कुठे राहील हे त्यांनी सांगितलं. सरकारी आराखडा आणि घरातला आराखडा भेटायचे ते या बायकांच्या तोंडून. मला वाटतं, मधल्या जागेत उभं राहणारं माणूस असलं की कागद जुळतात, हे तिथे सिद्ध झालं.

मग तेवीस वर्षांनी तेच लातूर पुन्हा देशाच्या बातम्यांत आलं, या वेळी पाण्यासाठी. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या.

या रेल्वेची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला येणारा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी अरुंद रुळांचा. तो लातूरला पोचला १९११ साली, बाजारपेठेच्या मालासाठी. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तो टप्प्याटप्प्याने रुंद झाला, आणि म्हणूनच मिरजेच्या वाघिणी थेट लातुरात आल्या. तो रूळ पाण्याच्या कुठल्याच आराखड्यात नव्हता. तो उपयोगी पडला हे नशीब. नियोजन त्याला म्हणता येणार नाही.

नियोजनात काय होतं? शहराला पाणी देणारं मांजरा धरण बीड जिल्ह्यात, धनेगावला. शहराचा पाणीपुरवठा नगरविकासाचा विषय, धरण जलसंपदेचं, ऊस सहकाराचा, बोअर ज्याची त्याची, आणि 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावहून येणारी हजारो मुलं शिक्षणाचा विषय. उसाने आमच्या भागात पैसा आणला, तो नाकारणं कृतघ्नपणा होईल. माझ्या दोन चुलत भावांची घरं त्यावर उभी आहेत. लातूर पॅटर्नचाही मला अभिमान आहे. पण कारखाना वाढवताना शहराची तहान कुणी मोजली नाही, आणि शहर वाढवताना उसाचं पाणी कुणी मोजलं नाही. आपला काळा पाषाण पाणी फार धरत नाही. भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात जे साठतं तेवढंच. एकाने खोल बोअर घेतली की शेजाऱ्याची विहीर आटते. जमिनीखाली खाती नसतात.

त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी काढून साई आणि नागझरीच्या परिसरात मांजरेच्या पात्रातला गाळ काढला. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, मजूर, सगळ्यांनी पैसे दिले. सप्टेंबर संपता संपता धो धो पाऊस आला, धरण भरलं, आणि पाण्याची रेल्वे लोक हळूहळू विसरले. पाऊस आला की आपण आराखडा मिटून ठेवतो, ही आपली जुनी खोड.

लातूरला पाणी नव्हतं म्हणून भांडण. माझ्या आताच्या जिल्ह्यात, नांदेडला, गोदावरी आहे तरी भांडण आहे. १९७५ साली महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशात करार झाला. पैठणच्या वरचं गोदावरीचं आणि सिद्धेश्वरच्या वरचं पूर्णेचं पाणी महाराष्ट्राने वापरावं, त्याखालच्या टापूत नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट वापरावं, असं त्याचं सार. खाली पोचमपाडचं धरण, ज्याचा फुगवटा आपल्या हद्दीत येतो. आपण त्या फुगवट्याच्या भागात धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा बांधला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ फेब्रुवारी २०१३ला निकाल लागला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारं उघडी राहतील. वापर २.७४ अब्ज घनफुटांपुरता. १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट खाली सोडायचं. देखरेखीला केंद्रीय जल आयोग आणि दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी मिळून तीन जणांची समिती.

आपल्याकडे या निकालावर नाराजी आहे. पावसाळाभर दारं उघडी ठेवायची आणि २८ ऑक्टोबरनंतर नदीत उरेल ते अडवायचं, हे नदीकाठच्या शेतकऱ्याला कसं पटावं? तरीही एक शिक्षिका म्हणून मला या निकालात धडा दिसतो. दोन आराखडे एकत्र करणं म्हणजे दोन कागद एका फाइलीत लावणं, असं आपण समजतो. इथे ते कुणीतरी नीट फोडून सांगितलं : दार कोणत्या तारखेला उघडायचं, कोणत्या तारखेला लावायचं, किती पाणी, आणि लक्ष कोण ठेवणार. हे चार प्रश्न ज्या आराखड्यात नाहीत तो एकत्रित आराखडा नव्हे. आणि त्या निकालात दोघांनीही काहीतरी सोडलं आहे.

जिल्हा नियोजन समितीकडे हेच काम होतं. व्यवहारात त्या बैठकीत खात्यांच्या मागण्यांची बेरीज होते आणि निधीची वाटणी होते. त्यात २०२२ नंतर किमान तीन वर्षं जिल्हा परिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. ज्या समितीचे चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्यांमधून यायचे, तिथे निवडून आलेलेच नव्हते. मग मधल्या जागेत उभं राहणार कोण?

आता पुन्हा आमच्या गावात येते. मामांचा उतारा वाचल्यावर मला झोप लागेना. पुढच्या वर्षी पावसाळ्यात सातवीची मुलं घेऊन शिवारफेरी काढली. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे अडतं, एवढंच बघायचं. मुलांनी नकाशा काढला. मामांनी पुढे होऊन जुन्या तळ्याचा बांध कुठे होता ते दाखवलं. बांधावरच्या दोन चिंचा अजून उभ्या आहेत.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी मी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर सगळे आराखडे शेजारी शेजारी चिकटवले. ग्रामसेवकांनी त्यांच्याकडचे दिले, कृषी सहायकांनी पाणलोटाचा नकाशा दिला. मधोमध मुलांचा नकाशा आणि त्या उर्दू उताऱ्याची झेरॉक्स. लोक आले, वाचू लागले. कुणीतरी विचारलं, "बाई, शिकम म्हंजे काय?" मी सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे पोराइला तळ्याच्या पोटात बसवलंय म्हना की." सगळे हसले, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

बेरीज सोपी असते, वजाबाकी अवघड. मुरूम भरायची ओळ मी आमच्या आराखड्यातून स्वतः खोडली. माझी ओळ खोडल्याशिवाय दुसऱ्याला त्याची खोडायला सांगणं शोभलं नसतं. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही, कारण मंजूर होण्यासारखी तेवढीच ओळ होती. सरपंचांनी दुसऱ्या गल्लीतला रस्ता एक वर्ष पुढे ढकलून शाळेसमोरच्या रस्त्याखाली नळकांडी पूल घेतला. त्या गल्लीतले लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. वरच्या नाल्यावर पाणी थोपवायला बांध मागितला आहे, तो मंजूर व्हायचा आहे. शाळेच्या खोल्या आहेत तिथेच आहेत. तळं परत येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात मैदानातलं पाणी दोन दिवसांत ओसरलं. पूर्वी आठवडा लागायचा. एवढंच झालं आहे, आणि मी ते जास्त करून सांगणार नाही.

मामांना कुणबी प्रमाणपत्र मिळालं नाही. परवा ते पुन्हा आले होते. मला वाटलं, दुसरा कागद सापडला असेल. तर म्हणाले, "बाई, माझ्या नातीला ती लिपी शिकवा. अजून कुठं कुठं काय लिहून ठेवलंय, कुणाला म्हाईत?"

शनिवारी सकाळी येते ती. अलिफपासून सुरू केलं आहे.